गुळवेलीचा निकाल

आई, तुझा काढा पास झाला. आनंद व्हायचा, तर माझं डोकंच चालेनासं झालंय. खामगावच्या कॉलेजात मुलींना वनस्पतींचे अर्क तपासायला शिकवते ना, तिथंच परवा तुझी गुळवेल तपासली. नळीतल्या जांभळ्या पाण्यात अर्क टाकायचा. रंग जितका उडेल तितका त्यात अँटिऑक्सिडंट गुण, म्हणजे शरीराला आतून गंजू न देणारा. तुझ्या वेलीनं रंग पार उडवला, पिवळं धम्मक झालं! मुली टाळ्या वाजवताहेत आणि मी नुसती उभी.

वेल डोणगावच्या आपल्या कडुलिंबावरचीच, दादानं चढून काढून दिली. तोडायच्या आदल्या संध्याकाळी तू तिच्या बुडाशी हळद-कुंकू, तांदूळ ठेवायचीस. "उद्या येतो बाई, घरात दुखणं हाय," असं तिला सांगायचीस. मी हसायचे. यंदा कोणी बघत नाही असं पाहून मीही ठेवलं, का ते विचारू नकोस. साखरेच्या आजारावरच्या डॉक्टरच्या गोळ्या सोडून तू हाच काढा धरलास, तेव्हा मी अख्खं पातेलं मोरीत उपडं केलं होतं. "मले गोळ्या गरम पडतात, हेच मानवते. तुले काऊन एवढा राग?" तू म्हणालीस, आणि दुसरं पातेलं चढवलंस. पुढं पायाची जखम चिघळली, तू गेलीस. तेव्हापासून या वेलीवर माझा दात आहे.

मग हा निकाल कसा लावायचा, सांग बरं? त्या नळीत साखर नव्हती, तुझा पाय नव्हता. रंग उडाला म्हणजे दुखणं उतरलं असं नाही, हे मी वर्गात घसा फोडून सांगते. घरी आल्यावर मात्र वाटतं, तुला उगाच बोलले का? लगेच वाटतं, बरोबरच बोलले. एक धड ठरत नाही बाई.

त्यात दादालाही आता साखर आहे. काल त्याचा फोन. "आईचा काढा पास झाला का वं? झाला असंन तर म्या गोळ्या बंद करतो." मी म्हटलं, अरे, नळी वेगळी, माणूस वेगळा. "ते राहू दे. पास का नापास, तेवढं सांग."

"नापास," मी म्हणाले.

तो म्हणाला, "म्हणजे आई उगाचंच पेत राह्यली?"

"हाव," म्हणाले मी.

आज गोळी घेतली म्हणाला. हे पत्र मी फाडणार आहे, त्याच्या हाती लागायला नको. उरलेली वेल मात्र सकाळी उकळली. पातेलं ओट्यावर आहे. प्यायची भीती वाटते, आणि या खेपेला ओतवतही नाही.