वाट ताईच्या दारापर्यंत

दि. ३ जानेवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

फोन केला की तू कायम मीटिंगमध्ये, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

आईच्या दारापासून तुझ्या दारापर्यंत काय सुरेख फुटपाथ केलाय गं तुमच्या पालिकेच्या ऑफिसने! शेजारून सायकलींची वेगळी पट्टी, चढायला उतार, मध्ये एक खांब नाही. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी आपली आई आता रोज संध्याकाळी तुरुतुरु तुझ्याकडे येते. खरं तर माझं घर तिला जवळ, पण मध्ये तो मोठा रस्ता! रविवारी मी ड्रायव्हरला पाठवते तेव्हा कुठे तिचं दर्शन घडतं, आणि आल्यावर तोंडी कौतुक कुणाचं, तर तुझं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. हो, जळते मी तुझ्यावर. लहानपणीही वेणी तुझीच आधी घातली जायची.

नकाशा काढणारी तू, मग वाट तुझ्याच दाराशी गेली यात नवल ते काय? असो. मी खालची खोली रिकामी केली आहे. महिनाअखेर आईला कायमची माझ्याकडे आणणार. मग बस तू फुटपाथ बघत.

राग मानू नकोस, आणि मानलास तर कळव.

तुझी,
ताई

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, मग अर्धी रजा टाकून आईकडे गेले.

ती वाट शाळा, दवाखाना आणि बाजार जोडते. माझं घर मध्ये येतं, त्याला मी काय करू? पहिल्या आराखड्यात तर ती मोठा रस्ता ओलांडून तुझ्या गल्लीत, तुम्ही गाड्या लावता त्या कडेने शिरत होती. सिग्नल, रस्त्याच्या मधोमध थांबायला ओटा, सगळं काढलं होतं मी. जाहीर सभेत उठून, मग आमच्या गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या, असं कुणी विचारलं? मी मागच्या रांगेत बसले होते, ताई. तुझ्यामागून सगळी गल्ली उठली आणि साहेबांनी तेवढा भाग खोडून टाकला.

आईला खोलीचं सांगितलं. ती म्हणाली की ताईकडे गाडी नेईल तेव्हा जायचं, गाडी आणेल तेव्हा यायचं. तिथे धड भांडताही येत नाही. रागाने उठलं तरी ड्रायव्हर जेवून येईपर्यंत तोंड फुगवून सोफ्यावर बसायचं! परवा माझ्याकडून अशी तणतणत गेली म्हणून सांगू, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन आली. तिला आपलं घर सोडून कायमचं कुणाकडेच राहायचं नाही.

आणि माझ्याकडे बसून ती सारखी ताई, ताई करते, हे तुला कोण सांगणार? जळायचं तर मलाही येतं.

दुसऱ्या टप्प्यात तो खोडलेला भाग पुन्हा येतोय, त्याची सभा शुक्रवारी आहे. तू माझी बहीण, म्हणून मला तिथे तोंड उघडता येणार नाही. तू ये.

भांड हवं तेवढं, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
छोटी

दि. २० जुलै

चि. छोटीस,
अ. उ. आ.

गाडी आता मागच्या मैदानाशी लावते. सभेत मी उलटी फिरले म्हणून शेजारीण अजून माझ्याशी बोलत नाही. खालच्या खोलीत शिवणाचं मशीन मांडलं.

सिग्नल सुरू झाल्यापासून आई बऱ्याचदा आली, गोडगोड बोलून गेली. काल मात्र मी तिच्या झिजलेल्या चपलांवरून बोलले. शब्दाने शब्द वाढला, आणि अर्धा चहा तसाच टाकून त्याच चपला घालून ती निघाली. मी सवयीने ड्रायव्हरला हाक मारणार, तेवढ्यात जीभ चावली. खिडकीत उभी राहिले. मधल्या ओट्यावर तिने पिशवी सावरली, दिवा हिरवा झाला तशी ताठ मानेने पलीकडे गेली. एकदाही वळून पाहिलं नाही.

अगं, आई माझ्यावर रागावून चालत घरी गेली! मला रडूही आलं आणि हसूही.

आज संध्याकाळ झाली तरी आलेली नाही. तुझ्याकडे असेल तर खरं सांग, माझं नाव घेतेय का? मी विचारलं हे तिला कळू देऊ नकोस.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट चिकटवत होते तोवर दारात हजर. राहिलेलं भांडण पुरं करायला आली आहे. तुझ्याकडे गेलीच नव्हती.