तीनशे मीटरवरचा होकार

३ नोव्हेंबर
पनवेलला आलो. नवीन पनवेलात खोली, सकाळचं ऊन थेट गादीवर, खाली मिसळवाला. आणखी काय पाहिजे माणसाला? लेथवर हेल्पर होतो, आज कंपनीने पायदळाच्या नव्या रायफलीचा मुख्य चाचणीदार केलंय. शिक्षण दहावी, पण कान पदवीधर. काडतुसात दारू चिमूटभर कमी असली तरी आवाजावरून सांगतो. गोळीबाराची चांदमारी विचुंबे गावाच्या पुढे, बंद पडलेल्या दगडखाणीत. माणसं दोनच: नोंदी ठेवणारी इंजिनिअर समीक्षा, आणि निशाणाचे कागद बदलणारा जैतू, वरच्या वाडीतला. मला न्याहाळून जैतू म्हणाला, साहेब जाडे हायेत, म्हणजे लवकर पळायचे नाय.

५ नोव्हेंबर
रायफल शिकंज्यात आवळलेली, एका फेरीला पाच गोळ्या, अंतर तीनशे मीटर. दुसऱ्या लॉटची काही काडतुसं दबकी वाजली. समीक्षाच्या गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रानेही तेच दाखवलं. खूश झालो. इथला नियम असा की जैतूने कागद लावून इथवर चालत यायचं, टेबलाला हात लावायचा, मगच चाप. असल्या चालीने वीस तारखेला लष्कराचे अधिकारी येईपर्यंत काय होणार? मी नियम मोडला. म्हटलं, बाजूच्या खडकाआड थांब आणि वॉकीटॉकीवर 'मोकळं' म्हण, तुझा आवाज मी झोपेतही ओळखीन.  जैतू म्हणाला, खाणीत तो शब्द कोणी बोलत नाय.

९ नोव्हेंबर
'मोकळं हाय.' जैतूचाच आवाज, घोगरा, शेवटी श्वास सोडणारा. पाच गोळ्या झाडल्या. आणि मागून जैतूने विचारलं, चहा झाला का. तो फाटकापाशी पाणी भरत होता. खडकाकडे गेलाच नव्हता. कोणीतरी थट्टा करतंय म्हणावं, तर कोण? समीक्षानेही ऐकलं होतं.

१२ नोव्हेंबर
जैतूने आज सांगितलं. सुरुंग उडवण्याआधी मुकादम खाली बघून 'मोकळं' ओरडायचा. एके दिवशी जैतूचा बाप गोरख खाली असताना ती आरोळी आली आणि सुरुंग उडाला. सगळ्यांनी मुकादमाचाच आवाज ऐकला. मुकादम त्या वेळी पनवेलच्या बाजारात होता.
हसण्यावारी नेणार होतो. जमलं नाही.

१४ नोव्हेंबर
'मोकळं हाय.' वीस तारखेच्या घाईत वॉकीटॉकीवरच काम चालू ठेवलं होतं. चाप दाबता दाबता कागदाशेजारी काही हललं. जैतूचा सदरा. हात मागे घेतला. जैतूने कागद नीट लावला, चालत आला आणि टेबलाला हात लावला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जुना नियम परत.

१८ नोव्हेंबर
चालत येण्यात दिवस संपतो. सहाशे गोळ्या बाकी. चाचणी अपुरी राहिली तर दबका लॉट तसाच पुढे जाईल. एखादी गोळी नळीत अडकली तर पुढची जवानाच्या तोंडावर फुटेल.
उद्या खडकाआड मी बसेन. 'मोकळं' फक्त मी म्हणेन. समीक्षाने दुसऱ्या कोणाचंही ऐकायचं नाही. जैतूने मान हलवली. हो म्हणाला नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळी अकरा
खडकाआड. जैतूच्या कानांत मीच बोळे घातले, त्याला कसला आवाज नको. मी हाताने खूण केली की त्याने खडकाआड यायचं. समीक्षा चापापाशी, डोळे यंत्राच्या पडद्यावर. चार फेऱ्या नीट झाल्या. वही मांडीवर आहे, लिहिलं की मन ठिकाणावर राहतं.

पाचवी. जैतू कागद लावतोय, पाठमोरा. वॉकीटॉकीत —

'मोकळं. चालव, समीक्षा.'

माझा आवाज. माझं बोट बटणावर नाही.

बटण दाबतोय. नको म्हणतोय. ती बोलतेय, माझ्याशी नाही — त्याच्याशी. 'हो सर, पाच गोळ्या.'

हाका मारल्या. जैतू वळत नाही. बोळे —

दहा पावलं आहेत.

समीक्षा, ते मी म्हटलेलं नाही. तुझा यात काही — वही इथं दगडाखाली ठेवतोय. मी जातोय, त्याला खाली