ऑइलच्या काडीचं माप

नवी पेठ, सोलापूर
कार्तिकातला शेवटचा सोमवार

तीर्थरूप बसूअण्णांच्या पायांवर धाकट्या गुरुशांतचा दंडवत. (गुडघ्यामुळे खाली वाकणं होत नाही, म्हणून कागदावरच घालतोय. गोड मानून घ्या.) तुमची शुगर, वहिनींची कंबर आणि पुण्यातलं पाणी तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे अव्वा अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही भाकरी कडक झाली की धाकट्या सुनेला, महेश्वरीला, ऐकवते, म्हणजे अव्वाची तब्येत उत्तम. महेश्वरी ते सगळं मला ऐकवते, म्हणजे तीही बरी आहे. माझं विचाराल तर गेला महिनाभर मी डोक्यापासून पायापर्यंत ऑइलमध्ये आहे आणि त्याला कारण तुम्ही आहात. हे रागाने म्हणत नाही. सहा वर्षं झाली, राग तरी किती दिवस सांभाळायचा? पण कारण तुम्हीच.

झालं असं की दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर अव्वा म्हणाली, "औंदा येळवशीला मला तुमच्या आप्पाच्या ट्रकातनं मंद्रूपला न्ये की. रिक्षात बसून शेताला जायाचं म्हंजे दवाखान्याला चालल्यागत वाटतंय." अण्णा, गेल्या वीस वर्षांत अव्वाने माझ्याकडे काही मागितलेलं नाही (सूचना केल्या, त्या वेगळ्या). आणि मला एकदम ते सगळं दिसलं हो. येळ अमावस्येची पहाट, हौद्यात अंथरलेला कडबा, भज्जीचं पातेलं अव्वाच्या मांडीवर, आंबिलाचं मडकं तुमच्या मांडीवर आणि बाजरीच्या उंड्यांचं टोपलं माझ्या. शेतात पूजा होऊन कडब्याच्या कोपीत पंगत बसेपर्यंत टोपल्यातले चार उंडे कमी व्हायचे आणि आप्पा मुद्दाम तुम्हालाच विचारायचे. तुम्ही कधी माझं नाव सांगितलं नाहीत. मी 'न्हेतो' म्हणून बसलो.

आता ट्रकची स्थिती तुम्हाला माहीत आहेच, कारण ती तुम्हीच करून गेलात. सहा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात भंगारात घाला, मी म्हणालो मी मेल्यावर घाला. त्यावर तुम्ही तरातरा अक्कलकोट रोडच्या गोडाऊनला गेलात, बॉनेट उघडलंत, इंजिनातलं ऑइल बघायची काडी उपसून टॉवेलात गुंडाळलीत आणि 'मग माझ्या वाटणीला हीच' म्हणून पुण्याची गाडी धरलीत. (लोक वाटणीत जमीन मागतात, दागिने मागतात. काडी मागितलेला माणूस सोलापूर जिल्ह्यात तुम्ही एकटे.) त्या काडीने तुम्ही पाठ खाजवता, असं तुमच्या नातीने, सृष्टीने, मला फोनवर सांगितलं. पोरीवर रागावू नका, तिला काय ठाऊक.

काडी गेल्यावर ती जिथे बसायची त्या नळीत मी मक्याचं दाणे काढलेलं बुरकुंड खुपसून ठेवलं होतं. बॅटरी नवी घातली, डिझेल भरलं, पंपाची हवा काढली आणि सेल मारला. अण्णा, तिसऱ्या सेलला इंजिन लागलं! तोच आवाज, अगदी तोच, खोकल्यासारखा सुरू होऊन मग घुमणारा. क्षणभर वाटलं आप्पा पलीकडच्या बाजूला टायर ठोकून बघताहेत. मला रडूच आलं आणि डोळे पुसायला मी चष्मा काढला तेवढ्यात ते बुरकुंड उडालं आणि मागोमाग सहा वर्षांचं काळं ऑइल माझ्या सदऱ्यावर. सदरा दिवाळीचा होता. महेश्वरी काय म्हणाली ते लिहीत नाही, वहिनीही पत्र वाचतील.

मग मी डोकं चालवलं. (इथे तुम्ही हसणार, हसून घ्या.) नळीचं बूड जिथे इंजिनात जातं तिथे सायकलच्या ट्यूबचे वेढे घातले, वरून दोन पुड्यांतला मसाला एकत्र कालवून होणारा तो दगडासारखा लेप थापला आणि तोंडाला बूच मारलं. ते दहा मिनिटं टिकलं. शेवटी चिंचोळी एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या अमरेशला आणलं. पोरगा चाळिशीचा, हातात कला आहे, मिशी भरघोस. त्याने नळीच्या तोंडाला पितळी बुशाचं कडं ओवलं, त्याला आटे पाडले, आत रबरी रिंग बसवली, आटेवालं झाकण केलं आणि झाकणालाच खाली नवी काडी जोडली. "काका, आता थेंब आला तर मिशी काढतो." थेंब आला नाही. काडीच्या जागी काहीही हललं नाही. इंजिनाने मग ऑइल ओतायचं मोठं झाकण उडवलं, ते पत्र्याला लागून अमरेशच्या पायाशी पडलं आणि बाकीचं ऑइल त्याच्या मिशीत गेलं. (मिशी शाबूत आहे. अट फक्त काडीच्या जागेपुरती होती, असं त्याचं म्हणणं.)

तोंड पुसत तो म्हणाला, "काका, इंजिनला बी दम घ्यावा लागतो की. सगळीकडनं तोंड दाबल्यावर ते कुटनं तर बोंबलणारच." हवा जायची नळी बघितली तर कुंभारीण माशीने तिच्यात मातीचं घर बांधलेलं, पार भिंतीसारखं. ते तारेने फोडलं, आणि सगळा दाब गेला. आप्पा काडीच्या तोंडाला चादरीची चिंधी ढिली का गुंडाळायचे, ते मला सत्तरीच्या उंबऱ्यावर कळलं. आपण दोघं त्यांना 'चिंधीवाले मिस्त्री' म्हणून हसायचो. तो माणूस आपल्यापेक्षा हुशार होता, अण्णा.

गळती अशी थांबली, पण नवी काडी मुकी होती. तिच्यावर खूण कुठे करायची? कंपनीचं पुस्तक उपयोगाचं नाही, कारण बाहत्तर सालीच आप्पांनी दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवून खालचं चेंबर वेल्डिंगने वाढवलं होतं आणि मूळ काडी मोडल्यावर स्वतःच एक घासून तिच्यावर कानशीने दोन खाचा पाडल्या होत्या. ऑइल कमी पडलं तर रस्त्यात इंजिन जाम आणि अव्वा उन्हात बसून राहणार. जास्त झालं तर पुन्हा आंघोळ. माप फक्त तुमच्यापाशी. मी दोनदा फोन हातात घेतला. दोनदा ठेवला. खोटं कशाला बोलू, हिंमत झाली नाही.

हे सगळं मी घरी अमरेशशी बोलत होतो, ते अव्वा ऐकत होती. तिने ट्रंक उघडायला लावली आणि तळातून एक हिरवं इरकली लुगडं काढलं. आठवतंय? एका येळवशीच्या पहाटे आप्पांनी घाईत काडी उपसली आणि बॉनेटवर घडी घालून ठेवलेल्या अव्वाच्या नव्या लुगड्यावर आडवी ठेवली. अव्वा मंद्रूप येईपर्यंत बोलत होती आणि आप्पा मान खाली घालून गिअर बदलत होते. तो डाग अजून तसाच आहे. वरच्या कडीपासून खालच्या टोकापर्यंत अख्खी काडी उमटलेली, मध्ये दोन खाचांचे दोन ठिपके. हे लुगडं अव्वा नंतर कधी नेसली नाही आणि कुणाला दिलंही नाही. "धुतलं न्हाईस का गं?" मी विचारलं. "धुतलं की पैल्यांदा. जाईना. मग धुतलंच न्हाय," म्हणाली आणि खिडकीकडे बघत बसली. माप घ्यायच्या आधी अमरेशने चपला बाहेर काढून ठेवल्या. बुशची पाऊण इंच उंची धरून त्याने नव्या काडीवर दोन खाचा मारल्या.

तर हकिकत एवढीच. तुम्हाला बोलवायला वगैरे हे पत्र लिहिलेलं नाही, गैरसमज नसावा. निव्वळ माहितीसाठी. वहिनींना नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

तुमचा,
गुरुशांत

ता. क. - एक बारीकशी अडचण आहे. लुगडं इतक्या वर्षांत आटलेलं असणार, म्हणजे माप चुकीचं असू शकतं. अमरेशही म्हणतो की मूळ काडी समोर असल्याशिवाय गाडी हलवणं धोक्याचं. तेव्हा पाठ खाजवायला दुसरं काही बघा आणि काडी पाठवा.

ता. क. २ - कुरिअरने नको, वाकली तर माप गेलं. स्वतःच्या हाताने आणा. येळवस मार्गशीर्षातल्या अमावस्येला आहे. आदल्या दिवशी आलात तर बरं, कारण डाव्या बाजूचं दार अजून तसंच अडकतं आणि ते कुठे गुद्दा मारून उघडायचं हे तुम्हालाच ठाऊक.

ता. क. ३ - पत्र अव्वाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खोटं कशाला लिवतूस? परवा तू आन् अमरेश मंद्रूपला जाऊन आलाव, थेंब न्हाय गळाला." खरं आहे, अण्णा. परत आल्यावर ऑइल बरोबर वरच्या खाचेला होतं. जुनी काडी लागत नाही. माझं सगळं लिहिणं तिने फुकट घालवलं आणि वर सांगितलं, आता मी सांगते तेवढंच खाली घाल. घालतो:

"बसू, काडी ठेव तुज्यापाशीच. आंबिलाचं मडकं धरायला कुणी न्हाय. ये."