ताईच्या घराला वळचण

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. भाऊजी खोलीत असतील तर त्यांनाही, मात्र हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नये. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या खोलीच्या भिंतीची ओल कशी आहे? (दोन्हींची चौकशी एका दमात करतो, कारण दोन्ही दुखणी जुनी आणि पावसात वाढणारी.) आम्ही सगळे ठणठणीत आहोत, आणि मी तर जरा जास्तच.

ताई, वळचण जमली! एवढंच लिहून पत्र संपवलं असतं, पण तू लगेच फोन करून "कसली वळचण?" म्हणून विचारशील, म्हणून सविस्तर लिहितो. तुला माहीतच आहे, आमच्या वास्तुविशारद बाईंच्या ऑफिसात इतकी वर्षं माझं काम म्हणजे नकाशातल्या दारा-खिडक्यांना नंबर देणं. घर कोणाचंही असो, माझ्या वाट्याला त्याची दारं. यंदा बाईंनी सगळ्यांना संगणकावर अख्खं घर उभं करायचं नवं सॉफ्टवेअर शिकायला लावलं. मला म्हणाल्या, एखादं घर छपरासकट नीट उभं करून नव्या ग्राहकांसमोर मांडलंत तर त्यांचं घर तुमच्याकडे, नाहीतर दारं आहेतच. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. स्वतःच्या हाताने एक घर काढायची हौस मला किती आहे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

नमुन्याला तुझंच घर घेतलं. एकतर त्याची मापं मला तोंडपाठ, आणि दुसरं म्हणजे वळचणीची इतकी गरज असलेलं दुसरं घर माझ्या पाहण्यात नाही. (भाऊजींनी आलेखाच्या कागदावर स्वतः काढलेलं घर आहे, म्हणून जपून लिहितो.) छप्पर भिंतीशी येऊन कापल्यासारखं थांबतं, बोटभरसुद्धा पुढे येत नाही. भाऊजी तिला स्वच्छ रेषा म्हणतात. त्या स्वच्छ रेषेवरून पाणी सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं, तू चौकटीवर जुना टॉवेल दाबून बसतेस, आणि वळचणीचा विषय काढलास की भाऊजी शाळेतल्या गणिताच्या तासाचा आवाज काढून नाही म्हणतात. संगणकात भाऊजी नाहीत, म्हणून मी तिथे मनसोक्त वळचण काढली.

मनसोक्त काढली हेच चुकलं. आपल्याकडे कपडे कसे शिवले जायचे, आठव. आई शिंप्याला बजावायची, वाढत्या अंगाचे शिवा, आणि आपण सगळे शाळेत तंबू घालून जायचो. तोच हात माझा. छप्पर भिंतीच्या पुढे किती काढू, असं सॉफ्टवेअरने विचारल्यावर मी वाढत्या अंगाचा आकडा घातला. उतरतं छप्पर जितकं पुढे येईल तितकं खालीही येणार, हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. (सांगायला काय झालं होतं?) तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून खिडकीतून पाहिलं, तर बाहेर म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसतं छप्पर. त्या सॉफ्टवेअरमध्ये सूर्य फिरवून बघायची सोय आहे. मी सूर्य उगवतीपासून मावळतीपर्यंत फिरवला, पण तुझ्या ओट्यावर उजेडाचा कवडसा पडला नाही.

मग आलं सॉफिट. वळचणीखाली उभं राहून वर पाहिलं की वासे दिसू नयेत आणि पाखरं शिरू नयेत, म्हणून खालून जी फळी मारतात ती. (मी तिला वळचणीचं पोट म्हणतो. ऑफिसात कोणी हसत नाही.) ती कुठून कुठपर्यंत, हे कडा दाखवून सांगावं लागतं. मी भिंतीची बाहेरची कड सोडून आतली दाखवली, आणि फळी भिंतीतून आरपार जाऊन तुमच्या झोपायच्या खोलीत, कपाटाच्या वर निघाली. ती मागे घेतली. मग छप्पर जरा उचललं, तर छप्पर वर गेलं आणि फळी बिनआधाराची हवेत जागच्या जागी. नेमक्या तेव्हाच बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, हे काय आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, पोट. बाई आपल्या टेबलाकडे निघून गेल्या, आणि मला वाटलं, आता जन्मभर दारं.

पण मी हटलो नाही. वळचण निम्म्यावर आणली. फळी छपराला जोडून टाकली, म्हणजे ते हललं की तिनेही हलावं. जिन्यावरच्या छपराचा उतार जास्त, त्यामुळे कोपऱ्यावर दोन वळचणी रुसलेल्या जावांसारख्या खाली-वर उभ्या होत्या. तिथली जरा आखूड केली, आणि ताई, दोन्ही कडा एका रेषेत आल्या! मी खुर्चीवरून उठलोच. मग मागच्या दारातून बाहेर आलो (संगणकातच) आणि मागे वळून पाहिलं. भिंतीवर वळचणीची तिरपी सावली, खिडकी सताड उघडी, ओटा लख्ख. तू त्या खिडकीत उभी आहेस असं वाटलं आणि सगळ्या ऑफिसासमोर माझे डोळे भरून आले.

ग्राहक निघाले दातांचे डॉक्टर. मी त्यांना पुढची बाजू, जिना, दिवाणखाना दाखवतोय, पण त्यांचं लक्षच नाही. आयुष्यभर वरचे दात खालून बघितलेला माणूस, म्हणाले, खालून दाखवा. दाखवलं. मान वाकडी करून, डोकं पार टेबलाला टेकवून त्यांनी कोपऱ्यावरचा सांधा तपासला (अशाने पडद्यावर जास्त दिसतं असं नाही, पण सांगणार कोण) आणि बाईंना म्हणाले, आमचं घर यांनीच काढायचं. ताई, तुझ्या धाकट्याला घर मिळालं! आनंदाच्या भरात लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मुलांना आशीर्वाद. जिना जपून चढ-उतर कर.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, हे घर खरोखर कुठे आहे का. बाई अभिमानाने म्हणाल्या, यांच्या बहिणीचं आहे. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी मान हलवली. आता डॉक्टर म्हणतात, भर पावसात त्या वळचणीखाली उभं राहून चहा घेऊ आणि मगच नक्की करू. पावसाळा तोंडावर आला आहे.

ता. क. २. तेव्हा एक लहानशी विनंती. तेवढ्यात तुझ्या घराला वळचण बसवून घेता येईल का? नकाशे तयार आहेत, सुतार मी पाठवतो. भाऊजींना तू विचार, माझी हिंमत नाही.

ता. क. ३. हे तुला सांगायचं नाही असं मी भाऊजींना वचन दिलं आहे, म्हणून सांगत नाही, नुसतं लिहितो. परवा ते सहज ऑफिसात आले होते आणि पडद्यावर त्यांना आपलंच घर दिसलं. मला म्हणाले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दाखव. कितीतरी वेळ बघत बसले. मग हळूच म्हणाले, "इतकी वर्षं नाही म्हणत आलो, आता हो कोणत्या तोंडाने म्हणू? तू तिला पत्र लिही. म्हणावं, आणखी एकदा हट्ट कर." तर ताई, एकदा कर. ते आधी नाहीच म्हणतील, जिभेला सवय झाली आहे. तू एरवीसारखी उठून आत जाऊ नकोस. जरा वेळ तिथेच बसून राहा.