किरणने धरलेला हात

रविवार, संध्याकाळ. अंबरनाथ.

मनगट अजून ठणकतंय, अक्षर घाणेरडं येतंय. येऊ दे.

आज रिया, किरण आणि मी बदलापूरच्या पुढे एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात गेलो होतो. असल्या पडक्या जागा बघत आम्ही तिघं नेहमीच रियाच्या गाडीतून भटकतो. पण दिवाळीतल्या एका फालतू भांडणापासून किरण माझ्याशी बोलत नव्हता. आजही रियानेच त्याला ओढून आणलं. गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसला होता.

वरच्या मजल्यावर लाकडी फळ्या. मी पुढे, तो मागे. एकदम पायाखालची फळी मोडली आणि मी कमरेपर्यंत खाली गेले. पाय अधांतरी. खाली गंजलेली यंत्रं आहेत, हे येतानाच पाहिलं होतं. ओरडायलाही सुचलं नाही. किरणने आडवं पडून माझं मनगट पकडलं. रिया जिन्यातून किंचाळत होती, "छोडना मत!" किरण धरून राहिला आणि त्याने मला हळूहळू वर ओढलं.

भिंतीला टेकून दोघं धापा टाकत बसलो. तेव्हा म्हणाला, "वजन कमी कर गं बाई."

इतक्या महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि ते हे! मी हसता हसता रडायलाच लागले.

मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठलेत. आईला काय सांगू? पुन्हा पुन्हा तेच वळ बघतेय. भांडण नक्की कशावरून होतं, तेही आता आठवेना.

आत्ताच त्याचा फोन आला. "पुढच्या रविवारी येणार का?"

"येईन," म्हटलं, "पण तळमजल्यावरच."