बादली हललीच नव्हती

९ मार्च

प्रिय घारे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत, आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. माझा चष्मा जाड झालाय, मीही. तुझं शिवणाचं दुकान छान चाललंय असं तुझ्या भावजयीकडून कळलं. पत्ता तिनेच दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी अगदी हात धुऊन मागे लागले होते.

कारखान्याचं सांगते. छपराचे पत्रे बदलले. कॅन्टीनच्या चहाला रंग आहे, चव नाही, ते तसंच. आणि दोन नंबरच्या शेडमधली क्रेन आता एक मुलगी चालवते.

बरोबर वाचलंस, मुलगी. आपल्या वेल्डरमामांची धाकटी. जानेवारीत जागा निघाली, आठ अर्ज आले, त्यात हिचा. मोठ्या साहेबांनी तो माझ्यासमोरच बाजूला सारला. "शिडी चढायची, आठ-आठ तास वर केबिनमध्ये बसायचं, हे बाईमाणसाचं काम आहे का? शिकवायचं आम्ही आणि उद्या लग्न करून ही जाणार!"

ती दारातच उभी होती. म्हणाली, "साहेब, तुम्ही परीक्षा घ्या. लग्नाचं माझं मी बघते."

चार लोकांसमोर बोलली, त्यामुळे साहेबांना नाही म्हणता येईना. परीक्षा तीच, तुझ्या वेळची. दोन टनांचा गर्डर, त्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची बादली, आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. सात पुरुषांनी कमी-जास्त पाणी सांडलं. हिचा थेंबही सांडला नाही. क्रेन शिकवणारे आणि परीक्षा घेणारे आपले उस्ताद बादलीत वाकून बघत म्हणाले, "असं मी आजवर एकदाच पाहिलंय. पॅकिंगमधली ती पोरगी, जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे क्रेन शिकायची ती. घार म्हणायचो मी तिला. चांगली पहिली आली आणि ऐनवेळी माघार घेतली, वेडी!"

मी तिथून निघून गेले. उभं राहवेना.

बघ, सांगायचं होतं हेच, आणि सुरुवात केली छपराच्या पत्र्यांपासून.

घारे, तू माघार घेतली नव्हतीस. आणि तू नापासही झाली नव्हतीस. तू पहिली आली होतीस. उस्तादांनी हाताने लिहिलेला निकाल टाइप करायला माझ्याकडे आला होता. मोठे साहेब टेबलापाशी आले आणि म्हणाले, "हिच्या नावापुढे टाक, भार नियंत्रणात नाही. नापास." मी टाइप केलं. त्याच महिन्यात मला कायम करणार होते. हे कारण झालं, सबब नाही.

साहेबांनी तुला सांगितलं, तू नापास. उस्तादांना सांगितलं, तूच नको म्हणालीस. तू मला जिन्यात गाठून विचारलंस, "बादली तर हललीच नव्हती गं?" आणि मी म्हणाले, "वरून नीट दिसलं नसेल तुला."

घारीला म्हणाले मी, दिसलं नसेल. आठवड्याभरात तू कारखाना सोडलास.

साहेबांच्या सांगण्याप्रमाणे उस्तादांचा तो कागद मी फाडायला हवा होता. फाडला नाही. दाखवलाही नाही. खणात तळाशी ठेवून दिला.

यंदा साहेब पुन्हा टेबलापाशी आले. "मागे त्या बाईच्या वेळी लिहिलं होतंस ना, तेच लिही." म्हणजे त्यांना आठवत होतं! इतकी वर्षं मला वाटायचं, आठवतं ते फक्त मला.

मी म्हणाले, "नाही लिहिणार, साहेब." आवाज फाटला माझा. पण उठले, तो जुना कागद काढला, उस्तादांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी कागदावरचं आपलं अक्षर ओळखलं. मग म्हणाले, "चल, मी येतो." दोघं तक्रार समितीपुढे जाऊन बसलो. समितीच्या बाईंनी विचारलं, "अकरा वर्षं गप्प का होतात?" मी म्हणाले, "भ्यायले होते." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

मुलीला नोकरी मिळाली. साहेबांना भरतीच्या कामातून काढलं, चौकशी चालू आहे. निकाल आता परीक्षेच्याच दिवशी फळ्यावर लागतो, परीक्षकाच्या सहीसकट. मला लेखी ताकीद मिळाली आणि नटबोल्टांच्या गोदामात बदली. योग्यच झालं. खरं सांगू, तिथे झोप चांगली लागते, म्हणजे घरी गेल्यावर!

तुझा जुना निकाल रद्द झालाय. तसं समितीचं पत्र तुला वेगळं येईल. जूनमध्ये तीन नंबरच्या शेडची जागा भरायची आहे, आणि पुन्हा परीक्षा न देता तिथे प्रशिक्षण घ्यायचा तुझा हक्क त्यांनी मान्य केलाय. वयाची अट पंचेचाळीस, तू एकेचाळीसची. ये असं मी म्हणणार नाही, तो तोंड वर करून सांगायचा अधिकार मला नाही. चौकशीत तुझा जबाब घेतील, तेव्हा माझ्याबद्दल काय ते मोकळेपणाने सांग. मला सांभाळून घेऊ नकोस.

काल शेडमध्ये गेले होते. पोरगी केबिनमधून ओरडली, "मावशी, माझ्याआधी ती कोण होती, तिचं नाव काय?" मी खालून तुझं नाव सांगितलं, आडनावासकट, मशीनच्या आवाजावर जाईल इतक्या मोठ्याने. सगळ्यांनी काम थांबवून बघितलं. उस्तादांनी डोळे पुसले आणि वर डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

शेवटी 'तुझी मैत्रीण' असं लिहिलं होतं, ते खोडलंय. पुन्हा लिहायचं की नाही, ते तू सांग.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
टायपिस्ट