माझ्या नावाने आंघोळ

नाना, तुमच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे हे पत्र पुढे गोड होईल अशी आशा तुम्हाला लागायला नको. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तुमच्या लेखी मी तुमच्या कितीतरी आधी मेले होते, आणि तुम्ही माझ्याबद्दल बोलताना काही मागे ठेवलं नव्हतंत. परवा आमच्या पाळकबाईंनी मला घरी चहाला बसवलं आणि विचारलं, रविवारी प्रभूची प्रार्थना चालू असते तेव्हा 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' या क्षमेच्या ओळीला तुमचे ओठ का मिटतात. मी मागच्या बाकावर बसते ते उगीच नाही, पण त्यांची नजर तिथवरही पोचते. "वडिलांमुळे," मी म्हणाले. "ते तर गेले ना?" "ते गेले. माझं राहिलंय." त्यावर त्या म्हणाल्या, एकदा सगळं त्यांनाच लिहून काढा, कुठे पाठवायचं तर नाहीच आहे. म्हणून बसले आहे. माफ करायला बसलेली नाही, ऐकवायला बसले आहे. जिवंतपणी तुम्ही कुणाचं पुरतं ऐकून घेतलं नाहीत, मध्येच उठून मळ्यात जायचात. आता जा बघू.

तुमच्या नातवापासून सुरू करते. वर्षाचाही झाला नव्हता. जुलाबांनी सुकत गेला. आधी अंगारा, मग दंडाला दोरा, आणि दवाखाना सगळ्यात शेवटी, हा तुमचा आणि सासऱ्यांचा ठरलेला क्रम. मिशनच्या दवाखान्यात नेला तेव्हा त्याचे डोळे आत गेले होते. डॉक्टरांनी खूप केलं, पण तो राहिला नाही. तुम्ही दोघे बाहेर व्हरांड्यात उभे राहून त्याला पुरायला कुठे न्यायचं ते ठरवत होता. आत एक वयस्कर सिस्टर आली. घट्ट अंबाडा, पायात कॅनव्हासचे बूट. तिने कोमट पाण्याचं भांडं आणलं आणि मला विचारलं, "नाव काय गं याचं?" मी सांगितलं. मग ती त्याच्याशी त्या नावाने बोलायला लागली. आता हात पुसू हं, आता मान पुसू. त्याचे केस विंचरले, पावडर लावली, आणि झोपलेलं मूल द्यावं तसा माझ्या हातात दिला. तेवढ्यात बाहेरून तुमचा आवाज आला. हळू बोलायची सवय तुम्हाला नव्हतीच. "पोरगी पांढऱ्या पायाची निघाली, काय करता." जावई होता बाहेर, सासरचे होते, दवाखान्याचा शिपाई होता. सगळ्यांनी ऐकलं.

पुढचं तर तुम्हाला माहीतच आहे, कारण त्यात तुमचा हात होता. जावई नाशिकला अंबडच्या कारखान्यात फिटर. सुपारीचंही व्यसन नव्हतं. मुलगा गेल्यावर तो गप्प झाला, तर तुम्ही त्याला मळ्यात बोलावून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पहिला पेला हातात दिलात. "मर्दासारखा मर्द, रडतो काय," म्हणालात. आईने मला हे नंतर सांगितलं. दुसऱ्या पेल्यापासून त्याला तुमची गरज लागली नाही. पुढच्या उन्हाळ्यात द्वारका चौकाजवळ हायवेवर तो ट्रकखाली गेला. तेराव्याला तुम्ही आलात, पंगतीत बसलात, आणि माझ्याकडे न बघता शेजारच्याला म्हणालात, "दोन खाल्ले हिनं." हातातलं वाढपाचं भांडं मी खाली ठेवलं होतं, आठवतं? तुमच्या पानात तेव्हा मी काहीच वाढलं नाही. तो माझा पहिला सूड. तुमच्या ध्यानातही आला नसेल.

आणि माझ्याकडे लेक उरली होती, चार वर्षांची. तिच्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण ते गाळलं तर पुढचं समजणार नाही. तुमच्यावरचा, नवऱ्यावरचा, देवावरचा सगळा राग मी तिच्यावर काढायला लागले. एके दिवशी ती जेवत नव्हती म्हणून चुलीवरचं उलथणं तिच्या दंडाला टेकवलं. टेकवलं म्हणते, चटका दिला. तिला घेऊन मी पळत त्याच दवाखान्यात गेले. तीच सिस्टर होती. कसं भाजलं, तिने विचारलं. गरम भांड्यावर पडली, असं सांगायचं ठरवून आले होते, पण तिने आधी लेकीचं नाव विचारलं, आणि मग माझ्याने खोटं बोलवेना. सगळं ओकले. तिने मलम लावलं, मला बाहेरच्या बाकावर बसवलं. मला वाईट म्हणाली नाही आणि तुझं काही चुकलं नाही असंही म्हणाली नाही. "मला सांगितलंस ते बरं केलंस. आता ज्याच्यापासून लपवता येत नाही त्याला सांग."

"मला तुमची प्रार्थना येत नाही," मी म्हणाले.

"भांडता येतं?"

"ते येतं."

"मग भांड त्याच्याशी. तो ऐकून घेतो."

नाना, माझी भक्ती अशी भांडणातून सुरू झाली. आकाशातून आवाज आला नाही की स्वप्नात कुणी दिसलं नाही. दवाखान्यात मला आयाचं काम मिळालं. दुपारी वॉर्ड शांत असतो तेव्हा त्यांच्या छोट्या प्रार्थनेच्या खोलीत जाऊन मी येशूला वाट्टेल ते बोलायचे. माझा पोरगा का नेलास, नवरा का नेलास, आणि तो म्हातारा मळ्यात ठणठणीत का. हो, ते तुमच्याबद्दल. असे कितीतरी महिने गेले. मग एकदा सिस्टरने सहज बोलता बोलता क्रूसाकडे बघत सांगितलं की याच्या बापानेही मुलगा मरताना पाहिलाय. मला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे क्रूस रोज पुसत होते मी, फडक्याने, पण असा विचार कधी केला नव्हता. त्या दिवसापासून मी शिव्या द्यायचं थांबवलं आणि बोलायला लागले. ज्याचा मुलगा गेलाय त्याला मला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. माझं बाळ त्याच्याकडे नावानिशी आहे, ही गोष्ट मनात धरून मला सकाळी उठता यायला लागलं. लेकीसमोर बसून मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं," आणि गुळाचा खडा मागितला. मी पुन्हा तिच्यावर हात उचलला नाही. याहून मोठा चमत्कार मी बघितलेला नाही, आणि तुम्हाला तो दाखवायला मी येणार होते.

पण मी बाप्तिस्मा घेतल्याची बातमी माझ्याआधी मळ्यात पोचली. तुम्ही बागेला पाणी देत होता. आईने फूलबाजारात मला गाठून दबक्या आवाजात सांगितलं ते असं, की तुम्ही अंगातला सदरासुद्धा काढला नाहीत, तसेच मोटारीच्या धारेखाली जाऊन बसलात. गडीमाणसं बघत होती. डोक्यावरून पाणी घेतलंत आणि उठून म्हणालात, "केली तिच्या नावानं आंघोळ. आता या घरात तिचं नाव नाय." लोक हे बोलण्यापुरतं म्हणतात, नाना. तुम्ही खरोखर केलीत. आईला त्या दिवशी चूल पेटवू दिली नाहीत, सुतक म्हणून. इकडे त्याच आठवड्यात पाळकांनी माझ्या डोक्यावर पाणी घालून माझा नवीन जन्म झाला असं सांगितलं होतं. मी घरी येऊन हसले आधी. मग हसू थांबेना म्हणून शेजारीण धावत आली.

तुम्ही गावभर सांगत सुटलात, पोरगी बाटली. पैसे घेऊन बाटली, असंही. लेक एकदा माझ्या आईबरोबर मळ्यात आली होती, तिथून परत आल्यावर मला विचारते, "आई, आजोबा म्हणतात तू बाटली. कसली बाटली? दुधाची?" मी तिला म्हणाले, आजोबांना बाटलीतलं जास्त कळतं. तिला ते समजलं नाही, पण मला त्यावर आठवडाभर बरं वाटलं.

आता माझी करणी सांगते, कारण ती सांगायला मला अजून आवडतं. ईस्टरला आमच्या चर्चला पांढरी फुलं लागतात. मंडळीतल्या बायकांनी ते काम माझ्याकडे दिलं, फुलांच्या घरातली म्हणून. तुमच्या मळ्यात निशिगंध होता, नाशिकमधला नामी. मी तो घेतला नाही. बांधावरून तुमचं ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्या तुमच्या चुलतभावाकडून घेतला, आणि पाट्या उचलून फूलबाजारात मुद्दाम तुमच्या समोरून चालले. दर ईस्टरला. एका वर्षी तुम्हाला राहवलं नाही. माझ्याकडे न बघता पाट्यांशीच बोलल्यासारखे म्हणालात, "मेलेल्या माणसाला फुलं कशाला लागत्यात?" मीही काकांकडे तोंड करून म्हणाले, "काका, आमच्यात मेलेलं उठतं. त्याचाच सण हाये." अख्खा बाजार ऐकत होता. तुम्ही फुलांवर पाणी शिंपडत राहिलात, निम्मं तुमच्याच धोतरावर. त्या रविवारी मी वेदीवर फुलं मांडली तेव्हा माझ्या मनात पुनरुत्थान नव्हतं, तुमचं ओलं धोतर होतं. त्याबद्दल मी देवाची माफी मागितलीय. तुमची नाही.

मग सिंहस्थाचं वर्ष आलं. झेंडूला मागणी कधी नव्हे इतकी, आणि ऐन त्या धांदलीत तुमची उजवी बाजू गेली. आई त्याआधीच वारली होती. माझ्या भावाने तुम्हाला सरळ आमच्या दवाखान्यात आणलं. मी त्याच्यावर चिडले. तो म्हणाला, "दुसरीकडं कोण बघणार त्यांना, ताई? तू हायेस ना." तुमचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पिकलेले, तोंड वाकडं. वॉर्डात सगळे मला सिस्टर म्हणतात, तुम्हीही म्हणायला लागलात. मी भावाला बजावलं, मी कोण ते सांगायचं नाही.

अंग पुसायचं काम आयाचं. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. मला ते करायचंच होतं, आणि प्रेमाने नाही. ज्याने माझ्या नावाने आंघोळ केली त्याला मीच आंघोळ घालणार, आणि शेवटी कानात सांगणार की बघा, मेलेल्या बाईने तुम्हाला धुतलं. वाक्य तयार होतं. कोमट पाणी घेतलं. गळा पुसला, काख पुसली, बोटांच्या बेचक्यांतला फुलांचा जुना हिरवा डाग पुसून बघितला, तो निघाला नाही. तुम्ही जड जिभेने म्हणालात, "कुणाची लेक गं तू?"

"शेतकऱ्याची."

"बाप हाये?"

"नाही. वारले."

"कशानं?"

"आंघोळीला बसले होते. तिथंच गेले."

तुम्हाला कळलं की नाही, हे मी आजवर हजार वेळा स्वतःला विचारलंय. मग डाव्या हाताने चाचपडत माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "वाईट झालं पोरी. मग मला बाप म्हण."

मी तुम्हाला कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली आणि पुढच्या खाटेकडे गेले. तुम्ही मागितलंत आणि मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रजा मागून घेतली. तुम्ही त्याच दिवशी गेलात. सूड म्हणाल तर पुरा झाला, याहून चांगला मला योजूनही जमला नसता. आणि तरी रविवार आला की त्या ओळीला माझे ओठ मिटतात. पाळकबाईंना वाटतं मी तुम्हाला माफ करत नाही म्हणून. ते अर्धंच खरं आहे. तुमच्याकडे मागायचं राहिलेलं काही माझ्याकडेही आहे, आणि ते मागायला मी तुमच्यापुढे वाकणार नाही, म्हणूनही मिटतात.

हे पत्र मी पाळकबाईंना दाखवणार नाही, घरातही ठेवणार नाही. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितली पाहिजे. लेकीचं लग्न ठरलंय. परवा साड्या बघता बघता तिने विचारलं, "आई, आजोबांनी शेवटी तुला ओळखलं होतं का गं?" मी हो म्हणाले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे सांगितलं, की तुम्ही मला नावाने हाक मारलीत, रडलात, आणि म्हणालात, माझं चुकलं, पोरी, तू घरी चल. ती माझ्या गळ्यात पडली. तुमची दया आली म्हणून बोलले असं समजू नका, तिला एक आजोबा हवे होते. पण बोलताना मी कुठे अडखळले नाही, नाना. ते शब्द मला कधीचे पाठ होते.